वास, फेरोमोन आणि सस्तन प्राण्यांचं नाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या नाकाबद्दल बोलायला घेतलं की गोव्यात फोंडा असो, डिचोली असो, सत्तरी असो की पेडणे, प्रश्न बहुतेक तेच येतात. गोठा सांभाळणारे विचारतात, शाळेतली मुलं विचारतात, बाजारात मासळी घेताना शेजारी उभं असलेलं माणूसही विचारतं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. दुसऱ्या उत्तराचा आधार लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. वास येतो तेव्हा नाकात नेमकं काय होतं?

कुळागरात पिकलेला फणस फुटला की त्यातले हलके रेणू हवेत सुटतात आणि श्वासाबरोबर नाकात शिरतात. नाकाच्या अगदी वरच्या भागात, साधारण दोन डोळ्यांच्या मधोमध, पिवळसर रंगाचं एक पातळ अस्तर असतं. त्यात लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाला सूक्ष्म लव असते आणि ती पातळ शेंबडात बुडालेली असते. वासाचा रेणू या ओलाव्यात विरघळतो आणि लवेवरच्या एखाद्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतो. पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू होते, पेशीपटलातली दारं उघडतात, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि विजेचा संदेश निघतो. चेतापेशींचे तंतू डोक्याच्या कवटीतल्या बारीक भोकांच्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या गंधकंदात पोचतात.

म्हणजे वास घेताना त्या वस्तूचा अंश खरोखर आपल्या अंगात आलेला असतो. नाक चोंदलं की वास जातो तो याचमुळे, हवा त्या वरच्या अस्तरापर्यंत पोचतच नाही.

२. माणसात ग्राहींचे प्रकार चारशेच्या आसपास. मग हजारो वास कसे ओळखता येतात?

एका वासाला एक ग्राही असा हिशोब नसतोच. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक जोराने चिकटतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. कोणते ग्राही जागे झाले याचा जो संच बनतो, तो मेंदू ओळखतो. बाराखडीतल्या मोजक्या अक्षरांतून सगळे शब्द बनतात, तसंच.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली १९९१ साली. कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांत या ग्राहींची जनुकं शोधली आणि ती जवळजवळ हजार असावीत हे दाखवलं. सस्तन प्राण्यांच्या जनुकांतलं हे सर्वात मोठं कुटुंब. २००४ साली दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे हेही स्पष्ट झालं की एका चेतापेशीवर एकाच प्रकारचा ग्राही असतो आणि एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू गंधकंदात ठरावीक गाठींवर एकत्र येतात.

माणसात या कुटुंबातली निम्म्याहून जास्त जनुकं निकामी झालेली आहेत, काम करणारी उरली ती चारशे. तरीही आपलं नाक कमी लेखू नये. इंडोल नावाचा रेणू मोगऱ्यात अगदी थोडा असतो आणि त्या सुगंधाला भारदस्तपणा देतो. तोच इंडोल दाट झाला की विष्ठेची घाण येते. रेणू तोच, पण प्रमाण बदललं की जागे होणारे ग्राही बदलतात आणि मेंदूला वास निराळा वाटतो.

३. एखाद्या वासाने जुनी आठवण एकदम का जागी होते?

डोळे आणि कान यांचे संदेश आधी थॅलॅमस या मधल्या ठाण्यावर थांबून मग पुढे जातात. वासाचा संदेश गंधकंदातून सरळ गंधाच्या मेंदूभागात आणि भावनेशी बांधलेल्या अमिग्डालात जातो. आठवणी घडवणारा भाग तिथून लागूनच आहे. काजूच्या दिवसांत भट्टीवरून येणाऱ्या हुर्राकाच्या वासाने गाव सोडून वर्षं झालेल्या माणसाचा गळा दाटतो, त्यामागे मेंदूतली ही जवळीक आहे.

४. सुरंगीचा वळेसर माळला की थोड्या वेळाने आपल्यालाच वास येत नाही. फुलं कोमेजतात का?

फुलं ठीक असतात, बाजूच्याला विचारा. सतत एकच वास येत राहिला की चेतापेशीतलं कॅल्शियम प्रश्न १ मधल्या उघड्या दारांना हळूहळू मंद करतं आणि मेंदूही त्या संदेशाकडे दुर्लक्ष करू लागतो. नवा वास ताबडतोब कळावा यासाठी ही सोय आहे. बाहेर मोकळ्या हवेत जाऊन परत आलात की सुरंगी पुन्हा दरवळेल.

५. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा किती पट तीक्ष्ण?

दहा हजार पट, लाख पट असे आकडे सगळीकडे फिरतात. असा एकच आकडा सांगणं मला पटत नाही, कारण उत्तर वासागणिक बदलतं. रचनेतला फरक मात्र पक्का आहे. कुत्र्यात काम करणारी ग्राही जनुकं आठशेच्या घरात आहेत आणि नाकातलं अस्तर आपल्या कितीतरी पट मोठं. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत ओढतं. आत आलेल्या हवेचा एक वाटा नाकाच्या मागच्या कप्प्यात वळतो, तिथे ती हवा रेंगाळते. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास फुंकरीने उडून जात नाही. दारातल्या कुत्र्याचं नाक जवळून पाहा, ती फट सहज दिसते.

जनुकांच्या संख्येत कुत्राही पहिला नाही. आफ्रिकन हत्तीत अशी सुमारे दोन हजार जनुकं आहेत, आतापर्यंत मोजलेल्या सस्तन प्राण्यांत सर्वाधिक. आणि अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना डोळे-कान बांधून गवतावर रांगायला लावलं, तर त्यांनी चॉकलेटच्या वासाच्या दोरीचा माग काढला होता.

६. फेरोमोन म्हणजे काय? साध्या वासापेक्षा वेगळं काय असतं त्यात?

एका प्राण्याने बाहेर सोडलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक वागणूक किंवा शरीरातला ठरावीक बदल घडवणारं रसायन म्हणजे फेरोमोन. हे नाव पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ साली सुचवलं. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीपासून बॉम्बिकॉल हे पहिलं फेरोमोन वेगळं केलं. त्यासाठी जवळजवळ पाच लाख पतंग लागले.

सस्तन प्राण्यांत असं चोख उदाहरण शोधणं अवघड, कारण त्यांचं वागणं अनुभवावरही चालतं. सगळ्यात स्वच्छ उदाहरण सशाचं. सशीण दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटांसाठी बिळात येऊन दूध पाजते. पिल्लांचे डोळे मिटलेले, पण तेवढ्या वेळात सड सापडलाच पाहिजे. तिच्या दुधातला एक छोटा रेणू पिल्लांना डोकं हलवून सड पकडायला लावतो. २००३ साली फ्रान्समधल्या बेन्वा शाल यांच्या गटाने तो ओळखला. काचेच्या दांडीला तो लावून पुढे केला तरी पिल्लू दांडीच तोंडात धरतं.

एकेका प्राण्याची ओळख पटवणारा अंगाचा वास वेगळा. तो शिकावा लागतो. फरक कळायला प्रश्न १० पाहा.

७. रेडा म्हशीचं मूत हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ उचलतो. तो काय करत असतो?

हा प्रश्न गोठेवाल्यांकडून सर्वात जास्त येतो, आणि प्रसंगही नीट पाहण्यासारखा असतो. रेडा आधी मूत चाटतो किंवा नाक त्यात बुडवतो. मग मान लांब करून वर उचलतो, वरचा ओठ दुमडून मागे घेतो, नाकपुड्या जवळजवळ मिटतात आणि काही क्षण तो तसाच थिजून उभा राहतो. बैल, बोकड, मेंढा, घोडा, मांजर, वाघ, सगळे हे करतात. याला फ्लेमेन म्हणतात.

रेड्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. त्या गादीच्या मागे टाळूवर एक उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. त्या भोकांतून निघालेल्या नळ्या नाकाच्या मधल्या पडद्याच्या तळाशी असलेल्या एका जोडअवयवाकडे जातात. डॅनिश शरीररचनातज्ज्ञ लुडविग जेकबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं, म्हणून तो जेकबसनचा अवयव. त्याच्या कडेने रक्तवाहिनी जाते. ती आकसते-फुगते तेव्हा पंपासारखा द्रव आत ओढला जातो. नुसत्या श्वासाने न उडणारे जड रेणू, प्रथिनंसुद्धा, अशा तऱ्हेने आत पोचतात.

या अवयवाचे ग्राही वेगळे, तंतू वेगळे, मेंदूतला कंदही वेगळा. तिथून संदेश अमिग्डाला आणि संप्रेरकांच्या केंद्राकडे जातो. म्हैस माजावर आहे की नाही, हे रेडा अशा प्रकारे ताडतो. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, ओरडणं नाही, अंगावर चढणं नाही. म्हणून जाणता गवळी रेड्याच्या ओठाकडे लक्ष ठेवतो.

घोडा मात्र अपवाद. त्याच्या नळ्या तोंडात उघडत नाहीत, तो सगळं नाकातूनच आत घेतो.

८. म्हणजे फेरोमोन फक्त जेकबसनच्या अवयवाने कळतात, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतूनही पसरला आहे. डुकराचं पाहा. नर डुकराच्या फेसाळ लाळेत अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू असतो. माजावरच्या मादीला तो वास आला आणि पाठीवर दाब पडला की ती ताठ उभी राहते. जेकबसनच्या अवयवाची वाट बंद केली तरी ती तशीच उभी राहते, म्हणजे काम नेहमीच्या नाकाचं. प्रश्न ६ मधल्या सशाच्या पिल्लांचंही तसंच.

कृत्रिम रेतन करणारे हा रेणू फवाऱ्याच्या डब्यातून वापरतात. आगोंद गोवन ही आपल्या गोव्याची नोंदणीकृत डुक्करजात, त्यामुळे ही माहिती इथल्या पाळणाऱ्यांनाही उपयोगाची आहे.

उलटही घडतं. साधे वाटणारे वास जेकबसनच्या अवयवालाही कळतात. दोन्ही यंत्रणा मिळून काम करतात, म्हणून 'हे वासाचं नाक, ते फेरोमोनचं नाक' अशी वाटणी करू नका.

९. बोकडाला एवढा उग्र वास का? आणि तो आणला की शेळ्या एकदम माजावर कशा येतात?

बोकडापासून काही काळ पूर्ण लांब ठेवलेल्या शेळ्यांत अचानक बोकड सोडला, तर थोड्या दिवसांत बऱ्याच जणी माजावर येतात. जाणत्या धनगरांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जपानी संशोधकांनी २०१४ साली बोकडाच्या डोक्याच्या केसांतून येणारा एक रेणू ओळखला, ४-एथिलऑक्टॅनॅल. तो शेळीच्या मेंदूतल्या प्रजननाच्या संप्रेरकाची स्पंदनं वाढवतो. गंमत म्हणजे या रेणूचा वास लिंबूवर्गी फळासारखा आहे. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण झालं की तयार होणारं आम्ल मात्र खास बोकडाच्या उग्र वासाचं.

१०. शेळी दुसरीचं पिल्लू का लाथाडते? अनाथ पिल्लू लावता येतं का?

विण्याच्या वेळी शेळीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि पुढचा तास-दोन तास गंधकंद नवा वास कोरून घ्यायला तयार असतो. तेवढ्या वेळात ती आपलं पिल्लू चाटते, त्याचा अंगवास पक्का होतो. नंतर आलेलं पिल्लू परकंच. अनाथ पिल्लू लावायचं तर ते विण्याच्या वेळीच, वारेच्या पाण्याने माखून पुढे करावं. पिल्लू मेलं असेल तर त्याचं कातडं अनाथाच्या पाठीवर बांधण्याची जुनी युक्ती आहे. वासरू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवायचे, त्यातही तिला ओळखीचा वास देण्याचा भाग होताच.

११. बांगड्याला वास येतो, पण अगदी ताज्या बांगड्याला येत नाही. असं का? आणि सोलं (आमसुलं) घातली की वास कसा जातो?

समुद्रातली मासळी खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी शरीरात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड बाळगते. त्याला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो सुरू होतो. बाजारात जाणती बाई बांगड्याचा कल्ला उचलून आधी रंग पाहते, मग नाक जवळ नेते. ही परीक्षा अगदी बरोबर आहे, जिवाणू आधी कल्ल्यातच वाढतात. गोड्या पाण्याच्या माशांत ते ऑक्साइड नगण्य, म्हणून त्यांचा वास निराळा.

हा रेणू अल्कधर्मी आहे. सोलं, चिंच, लिंबू यांतल्या आम्लाने त्याचं क्षार बनतं आणि क्षार हवेत उडत नाही. तिरफळं तसं काही करत नाहीत, ती आपला वास वर चढवतात.

आता नाकाची बाजू. प्रश्न २ मधल्या ग्राहींखेरीज सस्तन प्राण्यांत अमाइन ओळखणाऱ्या ग्राहींचं एक छोटं कुटुंब आहे. ते २००६ साली स्टीफन लिबरलेस आणि लिंडा बक यांनी दाखवलं. त्यातला पाचवा ग्राही ट्रायमेथिलअमाइन पकडतो. नर घरउंदराच्या मुतात हा रेणू भरपूर असतो आणि मादीला तो आकर्षून घेतो. मोठ्या जातीचे उंदीर (रॅट) त्याला टाळतात. माणूस नाक मुरडतो. काही आइसलँडवासीयांत या ग्राहीचं जनुक बदललेलं आहे, त्यांना मासळीचा वास घाण वाटतच नाही.

१२. वाघाने मारलेल्या फवाऱ्याला बासमतीचा वास येतो, हे खरं का?

खरं आहे. वाघ शेपटी वर करून झाडाच्या बुंध्यावर मागच्या बाजूने फवारा मारतो, हद्द आणि हजेरी कळवण्यासाठी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात २-ॲसिटिल-१-पायरोलीन असल्याचं दाखवलं, १९९० साली ते प्रसिद्ध झालं. सुवासिक तांदळाचा मुख्य वास याच रेणूचा. फवाऱ्यात चरबीही असते, तिच्यामुळे वास लवकर विरत नाही. म्हादईच्या रानात मुसळधार पाऊस असतो, तिथे हे महत्त्वाचं.

याहून नवलाची गोष्ट हत्तीची. आशियाई हत्तीण माजावर येते तेव्हा तिच्या मुतात एक रेणू वाढतो. बेट्स रासमुसेन यांनी १९९६ साली तो ओळखला, आणि कळलं की शेकडाभर जातींच्या पतंगमाद्या नराला बोलावायला तोच रेणू वापरतात. हत्ती सोंडेचं टोक मुताला लावून टाळूवरच्या भोकांना टेकवतो, प्रश्न ७ मधल्या रेड्याने ओठ उचलून साधलं ते हत्ती सोंडेने साधतो. तिलारीकडे वावरणारे हत्ती याच जातीचे. पतंग हत्तिणीमागे जात नाही, कारण त्याला इतर रेणूंचं ठरावीक मिश्रण लागतं. वासाचा अर्थ रेणूवर लिहिलेला नसतो, तो घेणाऱ्याच्या नाकात आणि मेंदूत ठरतो. मला या विषयात सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

१३. खोकलीचं झाड उपटलं की मांजर त्याच्या मुळावर लोळतं. ते फेरोमोन आहे का?

नाही, फेरोमोन एकाच जातीत चालतं आणि हे वनस्पतीचं रसायन आहे. मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिप या परदेशी वनस्पतीत असलेल्या रेणूंच्या जवळचे रेणू खोकलीच्या मुळात आहेत. मांजराला ते नेहमीच्या नाकाने कळतात.

१४. सिकेरीच्या किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या डॉल्फिनला पाण्यात वास येतो का?

येत नाही. डॉल्फिन आणि इतर दातवाल्या देवमाशांत गंधकंदच उरलेला नाही आणि गंधग्राहींची बहुतेक जनुकं मोडलेली आहेत. ते ध्वनीने जग पाहतात. प्रचंड तोंडाच्या, दात नसलेल्या देवमाशांत मात्र थोडा गंधकंद टिकून आहे.

पाण्याखाली वास घेणं अशक्यही नाही. ताऱ्यासारख्या नाकाची अमेरिकन चिचुंद्री नाकातून हवेचा बुडबुडा वस्तूवर सोडते आणि तोच लगेच परत ओढते. केनेथ कॅटानिया यांनी ते २००६ साली दाखवलं. चोडणच्या खाजणातली पाणमांजरं मात्र वासाचा कारभार काठावरच करतात. ठरलेल्या जागी विष्ठा टाकून आपली हजेरी लावतात.

१५. माणसात फेरोमोन असतात का? फेरोमोनचं अत्तर घ्यावं का?

घेऊ नये, पैसे वाया जातील. माणसातलं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही. जेकबसनचा अवयव गर्भात तयार होतो, पण मोठ्या माणसात त्याचा मेंदूशी संबंध उरत नाही आणि त्याला चालवणारं मुख्य जनुक निकामी आहे. अत्तरवाले बहुधा अँड्रोस्टेनोनच्या कुळातल्या रेणूंचं नाव पुढे करतात. एका ग्राहीच्या जनुकातल्या फरकामुळे अँड्रोस्टेनोन कुणाला मुतासारखा, कुणाला गोडसर वाटतो, आणि कुणाला त्याचा वासच येत नाही.

मैत्रिणींची पाळी एकाच वेळी येते, हाही प्रश्न याच्यासोबत येतो. मार्था मॅक्लिंटॉक यांनी १९७१ साली वसतिगृहातल्या १३५ मुलींवरून तसं लिहिलं होतं. पुढच्या काळजीपूर्वक अभ्यासांत ते टिकलं नाही. चक्रांची लांबी वेगवेगळी असते, त्यामुळे तारखा अधूनमधून जुळतात आणि पुन्हा लांब जातात.

एक शक्यता मात्र खरोखर आशादायक आहे. आईच्या स्तनाग्राभोवतीच्या छोट्या ग्रंथींचा स्राव नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तोंड उघडायला लावतो, मग आई कुणाचीही असो.

१६. मुलाला जन्मापासून वास येत नाही आणि वयात येण्याची चिन्हंही नाहीत. दोन्हींचा संबंध असू शकतो?

असू शकतो, संप्रेरकतज्ज्ञाला लवकर दाखवा. प्रजननाची यंत्रणा सुरू करणाऱ्या पेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि गंधाच्या तंतूंचा आधार घेत मेंदूत जातात. ती वाट बिघडली तर वासही नाही आणि वयात येणंही नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. यावर उपचार आहेत, म्हणून लाजेखातर वेळ घालवू नये.

१७. कोविडनंतर वास गेला होता, आता परत आलाय पण विचित्र येतो. घरात आजोबांनाही वास कमी येतो. काय करावं?

कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या आधारपेशींना धरतो. बाजूचं अस्तर कोसळलं की चेतापेशीही निकामी होतात. सुदैवाने या चेतापेशी आयुष्यभर नव्याने बनतात. पण नव्या तंतूंना जुन्या गाठी सापडायला वेळ लागतो, जोडणी चुकली की कॉफीला जळका वास येतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे ओळखीचे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन, प्रत्येक थोडा वेळ, काही महिने हुंगावेत. या सरावाने बऱ्याच जणांना फायदा होतो.

वयाबरोबर वास कमी होणं सर्रास आढळतं. तो अचानक किंवा ठळकपणे गेला तर मात्र डॉक्टरांना सांगा, पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास जातो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन घालतात. आजोबा दिवसा घरात एकटे असतील तर स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्यासाठी ते जमिनीजवळ लावा.